रियाजाला जागा

पौष शुद्ध ११, शके १८६५. धाराशिव

आण्णासाहेबांनी आज तोंडावर सांगितलं — गाणं बंद करा, नाहीतर खोली खाली करा. घरमालक आहेत, बोलू शकतात. वरच्या मजल्यावर कचेरीतले अंमलदार राहायला आलेत, त्यांची पहाटेची झोप मोडते म्हणे. मी म्हटलं, खर्जाचा रियाज पहाटेच होतो, उन्हं आली की गळा तसा लागत नाही. ते म्हणाले, खर्ज का काय ते तुमचं तुम्ही बघा, मला चांगला भाडेकरू टिकवायचाय.

म्हणजे मी चांगली भाडेकरू नव्हेच!

मावशी चुलीपाशी भाकरी थापत होती. सगळं ऐकलं, भाकरी थापतच राहिली. लक्ष्मम्मा मावशी, आईची धाकटी बहीण. तिला गाण्यातलं काही कळत नाही. उमरग्याकडं शेतकऱ्याच्या घरात दिली होती, नवरा गेल्यावर आमच्याकडं आली. आई वारल्यापासून आम्ही दोघीच. मी तंबोरा हातात घेतला की ही घागर घेऊन बाहेर पडते. गाणं सोसत नाही तिला.

आणि ही कटकट आत्ताच यावी! परवाच हैदराबादहून रेडिओवाल्यांचा जबाब आलाय. माझा अर्ज मंजूर. आषाढात या, आवाज ऐकून ठरवू. एक ख्याल, एक मराठी भजन.

आषाढापर्यंत गाऊ कुठं?

पौष शुद्ध १४

आज खोलीत तोंडावर पदर धरून गायले. आवाज पदरातच कुजला.

पौष वद्य ३

चार ठिकाणी फिरले. तंबोरा घेऊनच गेले, उगीच कुणाला फसवायला नको. माणसं आधी तंबोऱ्याकडं बघतात, मग माझ्याकडं, मग कुंकू आहे का म्हणून कपाळाकडं. नुसती राहायची खोली मागितली असती तर मिळाली असती एखादी. गाण्यासाठी म्हटलं की एक तर दार बंद, नाहीतर दार जरा जास्तच उघडं. पेठेतला एक व्यापारी म्हणाला, मागच्या अंगाला सोपा आहे, या की, आमी बी ऐकू. त्याचं हसू बघून पायऱ्या उतरले.

देवळाच्या मंडपाचं विचारलं. दुपारचा रिकामाच असतो. पुजारी म्हणाले, भजनी मंडळाला देतो, पण तुमची गोष्ट निराळी. काय निराळी ते सांगितलं नाही. आई गाणारी होती, बैठकी करायची, एवढंच निराळं.

तिथंच आणखी एक माणूस नकार घेऊन पायऱ्यांवर बसला होता. काखेत कापडाची मोठी गुंडाळी, नखांत निळा रंग. वीरभद्र, उमरग्याचा, नाटकाचे पडदे रंगवतो. येरमाळ्याच्या चैत्रातल्या जत्रेत नाटक व्हायचंय, त्याचा राजवाड्याचा पडदा घेतलाय. पण वीस हात कापड पसरायचं कुठं? शिवाय रंगात घालायचा सरस शिजवला की गल्लीभर वास सुटतो.

"बाई, तुमास्नी आवाजापायी हाकलत्यात," म्हणाला, "मला वासापायी."

किती दिवसांनी हसले!

पौष वद्य १०

मिळाली! जागा मिळाली!!

वीरभद्रच बातमी घेऊन आला. महालिंगप्पा शेटजींचं सरकी काढायचं जिन दोन वर्षं बंद आहे. लढाईमुळं इंजिनाचा भाग येत नाही. कापसाची वखार पार रिकामी. शेटजींनी भाडंही बेताचं सांगितलं. दोघांत मिळून झेपेल. मला म्हणाले, तुमच्या आईचं गाणं आमच्या थोरल्या भावाच्या लग्नात ऐकलंय. फार अदबीनं बोलले.

ठरलं असं — पहाट माझी, दिवस वीरभद्राचा.

माघ शुद्ध ५

वखारीत अजून कापसाचं तूस उडतं. पहिल्या दिवशी तासभर खोकले. मग दोघांनी मिळून पाणी मारून झाडून काढली. आता पहाटे दार उघडते, चटई टाकते, तंबोरा मिळवते. कुणी भिंत ठोकत नाही, कुणी खाकरत नाही. पहिल्या दिवशी षड्ज लावला आणि रडायलाच आलं. इतका मोठा आवाज माझ्यात आहे हे मी विसरले होते.

माघ वद्य २

मोठा घोळ! पहाटे अंधारात गेले ती थेट ओल्या पडद्यावर. राजवाड्यावरच्या आभाळात माझी पावलं उमटली, चांगली ठसठशीत. वीरभद्र येईपर्यंत जीव मुठीत धरून बसले. आला, बघितलं. मग नीळ आणि खडू कालवून त्या पावलांचे ढग केले. म्हणाला, राजवाड्यावर ढग नव्हतेच, चुकलंच होतं. पण दिवसभर फुरंगटलेला होता. बरोबरच आहे. युद्धामुळं मांजरपाटाचा तुकडा मिळत नाही आणि मी त्यावर चालत जाते!

संध्याकाळी गूळ-शेंगा घेऊन गेले. मग बोलला.

फाल्गुन शुद्ध ८

गळा वर चढतोय. तोडी रागातला कोमल गंधार जसा आईच्या गळ्यात होता तसा आज दोनदा लागला. तिसऱ्यांदा नाही. पण दोनदा लागला!

फाल्गुन वद्य ४

लिहायला हात होत नाही. तरी लिहिते.

सरकारचा हुकूम आलाय. ज्वारीची सक्तीची लेव्ही गोळा होतेय, धान्य ठेवायला वखारी पाहिजेत. तहशिलातली माणसं येऊन जिनाची लांबीरुंदी मोजून गेली. दुपारी महालिंगप्पा स्वतः आले. वीरभद्र सरस आणायला बाजारात गेला होता.

शेटजी म्हणाले, माझ्या दोन वखारी आहेत, सरकारला कुठलीही चालेल. ही तुम्हाला ठेवता येईल. मी आभार मानायला तोंड उघडलं तर पुढं म्हणाले, पण पहाटे एकटीनं इथं यायचं, बरं दिसत नाही. मळ्यात बंगली बांधलीय. विहीर आहे, आंब्याची सावली आहे. तिथंच राहा, तिथंच गा. भाड्याचं नाव काढू नका. मी आठवड्यातून एखादे वेळी येत जाईन, ऐकायला.

अगदी त्याच अदबीनं बोलले. आवाजसुद्धा चढवला नाही.

मी म्हटलं, वखार मला नको, वीरभद्रांना ठेवा, त्यांचा पडदा अर्धा आहे. ते म्हणाले, त्यांचं तुमच्यावर आहे. विचार करा, उद्या सांगा.

माझ्यावर! म्हणजे मी नाही म्हटलं की वीरभद्राचा पडदा गेला. जत्रा महिन्यावर आलीय.

घरी येऊन मावशीला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, बघ, सांगत होते गाणं सोड. तिनं काठवट बाजूला सारली. म्हणाली, "तुझी आई म्हणायची, बैठकीला जावं, वस्तीला न्हाय." एवढंच. आणि पुन्हा पीठ मळायला लागली. 

फाल्गुन वद्य ५

सकाळी वीरभद्राला सगळं सांगितलं. लपवणार होते, जमलं नाही. म्हटलं, पडदा पुरा होईस्तोवर मी शेटजींना झुलवत ठेवते, हो नाही करत. तुमचं काम तरी होईल.

तो उठला. पडद्याचा एक काठ धरला आणि गुंडाळायला लागला. रंग ओला होता खालच्या अंगाला. मी म्हटलं, अहो, चिकटेल!

"चिकटू द्या. तुमच्या मानंवर पाय ठिऊन मला राजवाडा रंगवायचा न्हाय."

मग मीही दुसरा काठ धरला. दोघांनी मिळून गुंडाळला. जिनाची किल्ली शेटजींच्या दिवाणजीच्या हातात दिली. वीरभद्र खांद्यावर पडदा टाकून येरमाळ्याकडं गेला. म्हणाला, जत्रेच्या गावातच एखादं खळं बघतो, उघड्यावर रंगवीन. मी तंबोरा पाठीला लावून घरी आले. रस्त्यात महालिंगप्पांचा छकडा आडवा गेला. मी मान खाली घातली नाही.

फाल्गुन अमावास्या

जिनात ज्वारीची पोती चढली. कुणाच्या तरी पोटाला जाईल, मला त्याचा राग नाही. दुष्काळाचे दिवस आहेत. पण या गावात कापसाला जागा आहे, ज्वारीला आहे, दारूच्या गुत्त्याला आहे, फौजेच्या घोड्यांना आहे. माणसानं शिकायचं, चुकायचं, पुन्हा करायचं, त्याला चार भिंती नाहीत! आणि गाणं काय आभाळातून पडतं का? लग्नात, जत्रेत सगळ्यांना लागतं की.

चैत्र शुद्ध ६, शके १८६६

आज डोंगरातल्या लेण्यांत जाऊन आले. पहाटे निघाले, उजाडता पोचले. पहारेकरी अजून आला नव्हता. आत बसून षड्ज लावला — आणि डोंगरच गायला लागला! एक सूर सोडला की दहा परत येतात. अंगावर काटा आला. वाटलं, मिळाली जागा, इथंच मरेपर्यंत गावं.

तासाभरानं लक्षात आलं. मी तोडी गात होते, गंधार उतरत होता, तरी कानाला गोडच लागत होतं. ही गुहा खोटं बोलते. इथं बेसूर माणूससुद्धा उस्ताद होईल!

मग वरच्या पोळ्यावरच्या माश्या उठल्या. पदर डोक्यावर घेऊन पळाले. तंबोऱ्याला काही झालं नाही. मला कानामागं दोन ठिकाणी चावल्या.

चैत्र वद्य १

वीरभद्राचा पडदा काल जत्रेत उघडला म्हणे. वाऱ्यानं खळ्यावर रोज धूळ बसायची, ती रंगातच घोटली त्यानं. लोकांना वाटलं संध्याकाळचा राजवाडा आहे. कुणीतरी सांगत आलं. मला फार बरं वाटलं. आणि हेवाही वाटला, खरं लिहायचं तर. त्याचं काम तरी झालं.

वैशाख शुद्ध १०

वेशीबाहेरच्या छोट्या दर्ग्याचा मुजावर चांगला माणूस. ओसरीत गाऊ देत होता. "बैठो अम्मा, अल्ला का घर है, कौन रोकता," म्हणायचा. आठ-दहा दिवस निभलं. आज म्हणाला, वरच्यांनी हरकत घेतली, बाईमाणूस रोज येते म्हणून. त्यालाच वाईट वाटत होतं. मला पाणी दिलं, खजूर दिला. दोन्ही घेऊन परत.

वैशाख वद्य ७

उन्हात, वाऱ्यात, ओढ्याकाठी गाऊन गळा बसला. आज षड्जसुद्धा फाटका. मावशीनं ज्येष्ठमध तोंडात कोंबला आणि रागावली. म्हणाली, बोलू नकोस, चार दिवस एक अक्षर बोलू नकोस, गळा काय रस्त्यावर पडलाय?

चार दिवस गप्प बसायचं. आषाढ जवळ आला. खोलीत येरझाऱ्या घालते. आठ पावलं, भिंत. आठ पावलं, भिंत. वरचे अंमलदार आता पावलांच्या आवाजाची पण तक्रार करतील.

ज्येष्ठ शुद्ध २

गोडं तेल आणायला गेले आणि काय झालं बघा!

आमचा नेहमीचा तेली दारावर तेल घालायचा, गेल्या वर्षीच वारला, आता दुसरीकडून आणते. आज तिथलं संपलं, म्हणून म्हटलं त्याच्या जुन्या घाण्यावर बघावं. गावाच्या टोकाला आहे. तेल नव्हतंच. पेठेत तेलाचं इंजिन आल्यापासून घाणा बंदच पडत आला होता, तेली गेल्यावर बैलही विकले. त्याची बायको सारजाबाई एकटीच ओट्यावर बसलेली. मी विचारलं, तेल मिळंल का? ती म्हणाली, व्हय, पाऊस बरा होईल औंदा. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, पोरगी बार्शीला दिलीय.

ठार बहिरी!

मी आत डोकावले. मोठी गोल खोली. मातीच्या जाड भिंती, वर्षानुवर्षं तेल पिऊन काळ्या झालेल्या. मधे घाणा. बैल फिरायचे ती वाट तशीच, पायांनी दबलेली. मी दारातूनच एक सूर लावून बघितला. परत आला नाही. जेवढा टाकला तेवढाच ऐकू आला. लेण्यात चूक लपायची, इथं लपायला जागा नाही.

खुणा करून, हातवारे करून, शेवटी घरून तंबोरा आणून दाखवला आणि सारजाबाईंना सांगितलं. त्यांनी भोपळ्यावर तळहात ठेवला. मी तारा छेडल्या. बराच वेळ हात काढला नाही त्यांनी.

मग म्हणाल्या, "काय बी करा, पर घाण्याला पाय लावू नका. त्यो धन्याचा हाय."

भाडं दोघींना पटेल असं ठरलं. छप्पर एका अंगाला बसलंय, ते मी नीट करून घ्यायचं.

ज्येष्ठ शुद्ध ६

वीरभद्राला निरोप धाडला होता. तो आला, एका दिवसात छपराला बांबू लावून दिले. खोली गोल, त्याचा नवा पडदा चौकोनी — घाण्याभोवती गुंडाळत गुंडाळत रंगवावा लागेल. चालंल म्हणाला. सरसाचा वास सारजाबाईंना येतो, पण त्या म्हणतात, तेलाच्या पेंडीपेक्षा बराच की. पुन्हा तेच ठरलं. पहाट माझी, दिवस त्याचा.

मावशीपण बरोबर येते आता. म्हणते, घरी बसून काय करू, तिथं सारजाबाईंना सोबत होईल. मी गाते तेव्हा ती ओट्यावर बसून धान्य निवडते. सोसतंय वाटतं हल्ली.

ज्येष्ठ वद्य ९

एक सनईवाला विचारत आला — मंगळवारी दुपारी मिळंल का? त्याच्या पोराला घरात फुंकू देत नाहीत. वीरभद्र म्हणाला, मंगळवारी मी कचेरीजवळ पाट्या रंगवायला जातो, येऊ दे. बातमी कशी पसरते कोण जाणे. आम्हाला वाटलं होतं, गावात आम्ही दोघंच बेघर!

आषाढ शुद्ध ३

उद्या निघायचं. मोटारीनं सोलापूर, तिथून रेल्वे, वाडीला गाडी बदलायची. मावशी सोबतीला. तंबोऱ्याला गोधडी गुंडाळलीय. झोप येत नाही.

आषाढ शुद्ध ७. हैदराबाद

झालं.

एक लहानशी खोली. भिंतींना जाड कापड, दार लावलं की कान दडपल्यासारखे होतात. माझ्या आधी एक जण गेला होता, मोठा तयारीचा दिसत होता, पण बाहेर आला तो घाम पुसत. म्हणाला, आवाज तोंडातून निघतो आणि तिथंच पडतो.

मी आत बसले, षड्ज लावला, तो तिथंच पडला. आणि मला हायसं वाटलं. अशाच खोलीत तर महिनाभर गातेय! काचेपलीकडून उर्दूत विचारलं, कोणत्या उस्तादाकडं शिकलात. म्हटलं, आईकडं. तिचं नाव? मल्लम्मा जळकोटकर. तिकडं लिहून घेतलं. आईचं नाव कुणी सरकारी माणसानं लिहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

तोडीतला गंधार लागला. प्रत्येक वेळी नाही, पण जिथं पाहिजे तिथं लागला.

मावशी बाहेर बाकावर बसली होती. दार जाड, तिला काही ऐकू आलं नसणार. तरी डोळे पुसत होती. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, धूळ गेली.

श्रावण शुद्ध ४

मंजूर! भाद्रपदात गायचं. एक भजन आणि वेळ उरला तर थोडा ख्याल. वीरभद्रानं आनंदानं घाण्याच्या दारावर नुसत्याच निळ्या रंगात एक मोर काढला. सारजाबाईंना कळेना काय झालं, पण त्याही हसत होत्या. आण्णासाहेबांनी बातमी ऐकून खोलीवर पेढे धाडले. खाल्ले मी. सोडते की काय!

श्रावण वद्य २

आज डोकं दुखत होतं म्हणून पहाटे गेले नाही. मावशी म्हणाली, मी जाऊन झाडलोट करून येते. उजाडल्यावर बरं वाटलं, म्हणून मागून गेले. वीरभद्र आला नव्हता. सारजाबाई ओट्यावर उन्हात बसलेल्या.

आतून तोडी ऐकू येत होती. तंबोऱ्याशिवाय, नुसत्या गळ्यानं. आधी वाटलं कुणी पाहुणी आली. मग वाटलं आई. दारात उभी राहिले. मावशी घाण्याकडं तोंड करून, हातात केरसुणी घेऊन गात होती. जो गंधार मला दहात चारदा लागतो तो तिच्या गळ्यात सहज बसलेला, जसा घरच्या माणसाला पाट.

मला बघितलं आणि लगेच झाडायला लागली. मी विचारलं, कधी शिकलीस? सगळा केर दाराशी आणला, मग बोलली.

"तुझी आई न् मी एकदमच शिकत हुतो. पर घर एका खोलीचं. कुणीतरी गप बसाय पायजेच की."

श्रावण वद्य ३

रेडिओवाल्यांना पत्र धाडलं — एक नाव आणखी आहे, आवाज ऐकून घ्यावा.

उद्यापासून पहाट तिची. पाणी मी भरीन.